नंदुरबारमधल्या ऊसतोड कुटुंबांसाठी शाळेतल्या मुलांनी मदत कशी गोळा करावी?

आधी मुलांना गरिबी समजू द्या, मदतीचे डबे नंतर फिरवा. नीती आयोगाच्या २०२१ च्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात नंदुरबारचे निम्म्याहून अधिक लोक गरीब ठरले. त्यात उत्पन्न पाहतच नाहीत. पोषण, शाळेची वर्षं, स्वयंपाकाचं इंधन, पिण्याचं पाणी असे १२ निकष आहेत. ते फळ्यावर लिहा आणि 'उचल' म्हणजे काय तेही सांगा. मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे फेडायला माणसं महिनोन्‌महिने कोयता चालवतात, हे कळलं की मुलं कीव करत नाहीत, प्रश्न विचारतात.

वेळ महत्त्वाची. धडगाव, अक्कलकुव्याकडची बरीच कुटुंबं दिवाळीच्या सुमारास गुजरातेत तोडीला जातात आणि होळीला परततात. म्हणून वाटप ती निघायच्या आधी करा. फडावरच्या खोपीला ताडपत्री, चादरी लागतात. गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांना दादर ज्वारी, तूरडाळ, तेल. पण यादी तुम्ही ठरवू नका, अंगणवाडीताईंना नाहीतर आशाताईंना विचारा. फाटके कपडे घेऊच नका. आणि देताना फोटो नको, अगदी एकही नको. घेणाऱ्यांची मुलं तुमच्याच वर्गात बसलेली असू शकतात.