वडील गेल्यावर पवित्र शास्त्र उघडताना

बाळा, प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, आत्ता राहू दे. आधी योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय वाच. मेलेल्या लाजराला पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू कबरीकडे जाताना रडला. ‘तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता,’ असं लाजराची बहीण मार्था तोंडावर म्हणाली, तरी तो तिला रागावला नाही. तेव्हा तूही देवाशी बोल, हवं तर भांड. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे. मग 34व्या स्तोत्राचं 18वं वचन: देव भग्नहृदयी लोकांच्या जवळ असतो. एवढंच रोज, मोठ्याने. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्यावर आईला घर खायला उठत असेल. तिलाही वाचून दाखव. ‘रडू नकोस’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. वेंगुर्ल्याला आलास की रविवारी उपासनेनंतर थांब, सोबत वाचू.