वाचकांचे प्रश्न: स्टीलचा पाइप घ्यावा की काँक्रीटचा?

प्रश्न: आमच्या प्रोजेक्टमध्ये आतल्या रस्त्याखालून पावसाचं पाणी काढायला 600 मिमीची लाइन टाकायचीये, शिवाय टाकीपर्यंत पंपिंगची एक लाइन आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळं स्टीलमध्ये करू, हलकं असतं, पटापट होतं. डिझाइनवाले काँक्रीटवर अडलेत. दोन्हीत मजबूत कुठला?

उत्तर: आधी दोन्ही लाइन वेगळ्या करा, त्यांचं काम वेगळं आहे. पंपिंगच्या लाइनमध्ये पाणी आतून पाइप फाडायला बघतं आणि काँक्रीटची ताणाची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असते, त्यामुळे तिथे स्टील घ्या, वाद घालत बसू नका. फक्त वॉटर हॅमरचा, म्हणजे वाहतं पाणी एकदम थांबल्यावर बसणाऱ्या दाबाच्या धक्क्याचा, हिशोब नक्की मागा. 1 मीटर प्रति सेकंद वेगाने चाललेलं पाणी पंप ट्रिप होऊन एकदम थांबलं तर स्टील लाइनमध्ये साधारण 100 मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब वाढू शकतो, आणि पाइपची जाडी नुसत्या रोजच्या प्रेशरवर ठरवली असेल तर तो कुठून सहन होणार?

आता पावसाच्या पाण्याची लाइन. इथे ‘मजबूत कुठला’ यापेक्षा ‘वरचा भार कोण उचलतंय’ हे विचारा. काँक्रीटचा पाइप कडक, तो मातीचा आणि गाड्यांचा भार बराचसा स्वतःच्या अंगावर घेतो. पातळ पत्र्याचा नालीदार स्टील पाइप लवचिक, भार आला की तो थोडा चपटा होतो, बाजूंनी फुगतो आणि तिथली माती त्याला धरून ठेवते, म्हणजे खरं काम माती करते. बाजूचा भराव नीट कुटलेला नसेल तर कागदावर पास झालेला स्टील पाइप जमिनीत अंडाकृती होतो. म्हणून मी कॉन्ट्रॅक्टरला आधी हेच विचारेन की भराव 150-200 मिमीच्या थरांत, दोन्ही बाजूंनी सारखा, प्रत्येक थर कुटून करणार का, आणि त्यावर उभा राहून लक्ष कोण ठेवणार? याचं धड उत्तर मिळत नसेल तर काँक्रीट घ्या. लवचिक पाइपचा व्यास साधारण 5 टक्क्यांपर्यंत दबलेला चालतो, म्हणजे 600 ला 30 मिमी, आणि हे भराव झाल्यावर आतून मोजून बघायचं असतं, जे बऱ्याच साइटवर कोणी करतच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

पण काँक्रीट घेतलं म्हणजे निवांत झालो असंही नाही हं. पाइप खालच्या एखाद्या दगडावर किंवा नुसत्या सॉकेटवर (सांध्याच्या रुंद तोंडावर) टेकला की तडा जातो, त्यामुळे बेडिंग, म्हणजे पाइपखालची बैठक, सलग पाहिजे आणि सॉकेटखाली थोडी जागा कोरून ठेवायची. दुसरं म्हणजे चराची रुंदी. अमेरिकेतले इंजिनियर अॅन्सन मार्स्टन यांनी 1913 मध्ये दाखवलं की अरुंद चरात मातीचं काही वजन चराच्या भिंतींच्या घर्षणाने पेललं जातं, आणि चर रुंद केला की तेवढाच पाइप तेवढ्याच खोलीवर जास्त भार घेतो. जेसीबीवाल्याने सोयीसाठी चर दीडपट रुंद काढला की डिझाइनचा सगळा हिशोब बदलला! मग पाइपचा क्लास (ताकदीचा दर्जा) वाढवा नाहीतर बेडिंग सुधारा.

स्वस्त-महाग बघताना आणखी एक. नालीदार पाइपमध्ये पाणी अडखळत जातं, खडबडीतपणा सांगणारा मॅनिंगचा आकडा साधारण 0.024, काँक्रीटचा 0.012 ते 0.013. त्याच उतारावर तेवढंच पाणी न्यायला नालीदार पाइपचा व्यास 25-30 टक्के मोठा लागतो, म्हणजे 600 च्या काँक्रीटला 600 च्या नालीदार पाइपचं कोटेशन लावून तुलना करूच नका. गुळगुळीत वेल्डेड स्टीलला मात्र हा प्रॉब्लेम नाही.

वजनाबद्दल कॉन्ट्रॅक्टर बरोबर बोलतोय. 75 मिमी जाडीचा 600 चा काँक्रीट पाइप मीटरला 400 किलोच्या आसपास, 6 मिमी जाडीचा स्टील साधारण 90. क्रेन पोचत नसेल, डोंगरउतार असेल, जमीन खचणारी असेल आणि सांधे कमी हवे असतील तर मी पण वेल्डेड स्टीलच सुचवेन.

प्रश्न: स्टील गंजतं, काँक्रीट गंजत नाही. मग सांडपाण्याला डोळे मिटून काँक्रीट घ्यायचं ना?

उत्तर: अजिबात नाही, उलट सांडपाण्यातच काँक्रीट वाईट पद्धतीने खाल्लं जातं. मैला साचून सडला की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, पाइपच्या वरच्या ओलसर भागावर जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात आणि छत आतून भुसभुशीत होत जातं. खाली पाणी वाहतंय म्हणून वरून काहीच कळत नाही. उतार असा ठेवा की मैला साचणार नाही, आणि जिथे वेग कमीच राहणार किंवा पंपिंग लाइन येऊन पडते तिथे आतून ॲसिड सोसणारं अस्तर असलेला पाइप मागा. स्टीलला गंज दोन्हीकडून असतो, मातीच्या बाजूने कोटिंग आणि गरज असेल तर कॅथोडिक प्रोटेक्शन (विजेच्या मदतीने गंज रोखायची पद्धत), आतून सिमेंट मॉर्टरचं अस्तर. सिमेंटच्या अल्कलीमुळे स्टीलवर संरक्षक थर टिकतो, काँक्रीट पाइपमधल्या सळ्याही त्याच जोरावर टिकतात. खाऱ्या जमिनीतलं क्लोराइड मात्र हा थर मोडतं, म्हणजे तिथे दोन्ही पाइप धोक्यात. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी मातीचा पीएच, रेझिस्टिव्हिटी (विजेला होणारा विरोध), क्लोराइड आणि सल्फेट तपासून घ्या, सगळ्या कामाच्या मानाने ही टेस्ट काहीच नाही. आणि वेल्डिंगने सांध्यापाशी जळलेलं अस्तर परत भरलंय का ते बघाच, गंज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

प्रश्न: चरात पाणी लागलंय. काँक्रीट जड आहे म्हणजे तरंगायचा प्रश्न नाही ना?

उत्तर: आहे. वर सांगितलेला 600 चा काँक्रीट पाइप बाहेरून 750 मिमी, म्हणजे मीटरला 440 किलो पाणी बाजूला सारतो आणि स्वतः 400 चा. रिकामा, टोकं बंद आणि चर पाण्याने भरला तर तोही उचलला जाणार. स्टील तर मीटरला 200 किलोच्या जोराने वर येईल. चर उपसत राहा आणि टाकलेल्या पाइपवर त्याच दिवशी भराव घाला, निदान उघड्या लाइनची टोकं बंद करून रात्री घरी जाऊ नका.