गेस्टची बूट कमांडलाइन मध्येच का तुटते आणि ती कुठे मोजावी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. फोंड्याच्या प्रयोगशाळेतील एका सर्व्हरवर तुम्ही गोव्याच्या बारा तालुक्यांच्या नावांची बारा व्हर्च्युअल मशीन उभी करत आहात (या मशीनना पुढे गेस्ट आणि सर्व्हरला होस्ट म्हणतो). व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रामला कर्नल (लिनक्सचा गाभा), इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) आणि अपेंड (कर्नलला द्यायचा मजकूर, म्हणजेच बूट कमांडलाइन) हे पर्याय देऊन ती थेट बूट केली जातात, आणि प्रत्येक गेस्टला बाकीच्यांची नावे, आयपी पत्ते, मॅक पत्ते व देवनागरी लेबले ठाऊक असावीत म्हणून तुमची स्क्रिप्ट ती सगळी यादी अपेंडच्या मजकुरातच जोडते. आठ तालुक्यांपर्यंत सारे सुरळीत चालले. केपे, सांगे, काणकोण आणि धारबांदोडा यांची भर पडल्यावर गेस्ट सुरू होतो, पण सिरियल कन्सोलवर (गेस्टचे संदेश दाखवणाऱ्या मजकुरी पडद्यावर) काहीच उमटत नाही आणि इन्स्टॉलर किकस्टार्ट फाइल (त्याच्या प्रश्नांची आधीच लिहून ठेवलेली उत्तरे) न वाचता भाषा विचारत थांबतो. क्यूईएमयूने चुकीचा एकही संदेश दिला नाही. पुढे मजकूर आटोपशीर करण्यासाठी तुम्ही पॅरामीटरांची नावे बदललीत, तेव्हा थेट कर्नल पॅनिक आले, म्हणजे कर्नलच थांबला. येथे एका सदस्याने होस्टवर युलिमिट या आज्ञेने स्टॅकची, म्हणजे प्रोग्रामला मिळणाऱ्या एका स्मृतिभागाची, मर्यादा वाढवण्याचा सल्ला दिला आहे. त्याचा उपयोग होणार नाही, आणि का होणार नाही हे पाहिले की दुखणे कुठे आहे तेही कळते.

होस्टवर एखादा प्रोग्राम सुरू करताना त्याला किती मजकूर देता येतो, याची मर्यादा लिनक्समध्ये आहे. एका सुट्या आर्ग्युमेंटला, म्हणजे आज्ञेतील एका घटकाला, स्मृतीची ३२ पाने, म्हणजे ४०९६ बाइटांच्या पानाच्या हिशेबाने १,३१,०७२ बाइट मिळतात. सर्व आर्ग्युमेंटे व एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रामला मिळणारी चलांची यादी) मिळून स्टॅक मर्यादेच्या एक चतुर्थांश जागा मिळते, म्हणजे नेहमीच्या ८ एमबी स्टॅकवर २०,९७,१५२ बाइट. युलिमिटचा संबंध एवढ्यापुरताच. शिवाय ही मर्यादा ओलांडली तर ती गुपचूप ओलांडता येत नाही; आर्ग्युमेंटांची यादी फार लांब असल्याचा स्पष्ट संदेश मिळतो आणि क्यूईएमयू सुरूच होत नाही. तुमचा क्यूईएमयू सुरू झाला, गेस्टही सुरू झाला, म्हणजे होस्टच्या बाजूने मजकूर पूर्ण पोचला होता. एक्स८६ वर, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर, क्यूईएमयू तो एफडब्ल्यू-सीएफजी या यंत्रणेतून गेस्टच्या स्मृतीत नेऊन ठेवतो आणि त्याचे काम तेथे संपते.

तुटातूट होते ती गेस्टच्या कर्नलमध्ये. कर्नलमध्ये बूट कमांडलाइनसाठी ठरावीक आकाराचा बफर, म्हणजे राखीव जागा, असतो आणि तो आकार कर्नल कंपाइल होतानाच निश्चित होतो. एक्स८६ वर तो २०४८ बाइटांचा आहे. शेवटच्या शून्य बाइटची जागा सोडली की तुमच्या हाती २०४७ उरतात. कर्नल सुरुवातीलाच बूटलोडरने (कर्नल स्मृतीत आणणाऱ्या प्रोग्रामने) दाखवलेल्या जागेवरून तेवढाच मजकूर उचलतो आणि पुढचा सोडून देतो. रायबंदरच्या धक्क्यावर गाड्यांची रांग कितीही लांब लागली, तरी एका खेपेत चोडणला पोचतात त्या फेरीबोटीवर मावतील तेवढ्याच. फरक इतकाच, की येथे मागे राहिलेल्यांची कुठे नोंदही होत नाही. तुमची स्क्रिप्ट आधी बारा मशीनची यादी लिहिते आणि मग कन्सोल व किकस्टार्टचे पॅरामीटर जोडते. त्यामुळे कापले गेले ते नेमके हेच दोन, आणि दोन्ही लक्षणे एकाच वेळी दिसली. काप शब्दांच्या सीमा पाहून पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. एखादा पत्ता अर्ध्यावर तुटला तर कर्नलला तो पूर्णच वाटतो, आणि मग १९२.१६८.४०.११२ च्या जागी १९२.१६८.४०.११ असा दुसराच, पण दिसायला बरोबर पत्ता लागू होतो. पॅरामीटर पूर्ण नाहीसा होण्यापेक्षा हा प्रकार शोधायला कितीतरी कठीण जातो.

हा आकडा प्रत्येक आर्किटेक्चरवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारावर, सारखा नाही. एआरएम६४ वर २०४८ आहे, जुन्या ३२-बिट एआरएमवर १०२४, आणि ज्या आर्किटेक्चरने स्वतःचा आकडा ठरवला नाही त्यांच्यासाठी ५१२. आयबीएमच्या एस३९० वर पूर्वी अवघा ८९६ होता, नंतर तो ४०९६ झाला. झेन या दुसऱ्या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीच्या पॅराव्हर्च्युअल गेस्टला कमांडलाइन ज्या रचनेतून दिली जाते तिच्यातच १०२४ बाइटांची जागा आहे, म्हणजे आतला कर्नल २०४८ स्वीकारणारा असला तरी तेथे निम्मेच पोचते. एक्स८६ च्या बूट प्रोटोकॉलमध्ये २.०६ या आवृत्तीपासून, म्हणजे कर्नल २.६.२२ पासून, कर्नल आपल्या हेडरमध्येच ही मर्यादा जाहीर करतो. त्याआधी २५५ अक्षरे हाच नियम होता. एखाद्या जुन्या लेखात २५५ हा आकडा सापडला तर तो त्या काळचा समजावा.

आता मोजणीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या स्क्रिप्टमधील तपासणी येथेच फसली आहे. तुम्ही मजकुराची लांबी अक्षरांत मोजली आणि ती दोन हजारांच्या बरीच आत असल्याचे लिहिले आहे. कर्नल मोजतो ते बाइट. यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, म्हणजे व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त या प्रत्येकाला वेगवेगळे तीन. ‘धारबांदोडा’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो, संगणकाच्या हिशेबी तो दहा चिन्हांचा आहे आणि जागा घेतो ३० बाइट. पूर्ण लेबल दोन-तीन शब्दांचे असेल तर एका मशीनमागे ८०-९० बाइट केवळ लेबलात जातात. नाव, आयपी आणि मॅक पत्ता धरून एक नोंद १५० च्या पुढे जाते. अशा आठ नोंदी मावल्या आणि बारा मावल्या नाहीत, यात नवल नाही. डब्ल्यूसी ही आज्ञा एम पर्यायाने चिन्हे मोजते आणि सी पर्यायाने बाइट. तुम्हाला सी हवा आहे. मजकूर तिच्याकडे प्रिंटएफने द्यावा, म्हणजे इकोने जोडलेली नवी ओळ मोजणीत येणार नाही.

गेस्टच्या आत प्रत्यक्ष काय पोचले हे पाहण्याची विश्वसनीय जागा एकच, आणि ती म्हणजे प्रोक डिरेक्टरीतील सीएमडीलाइन ही फाइल. अनेकजण डीमेसेजमध्ये छापलेली कमांडलाइन पाहून निष्कर्ष काढतात. तसे करू नये, कारण कर्नलच्या नोंदवहीतील एका नोंदीची लांबीच साधारण १०२४ बाइटांपुरती मर्यादित राहिली आहे, आणि त्यामुळे कमांडलाइन आत पूर्ण असतानाही डीमेसेजमध्ये ती निम्म्यावर तुटलेली दिसू शकते. नसलेल्या तुटीचा शोध घेण्यात संध्याकाळ घालवलेले लोक मी पाहिले आहेत. होस्टच्या बाजूला, लिबव्हर्ट (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारे साधन) वापरत असाल तर प्रत्येक मशीनच्या लॉग फाइलमध्ये क्यूईएमयूची पूर्ण आज्ञा उतरलेली असते. तिच्यातील अपेंडचा भाग आणि गेस्टमधील फाइल यांची बाइटगणिक तुलना केली की प्रश्न निकालात निघतो.

तुलना करताना दोन्हीकडचा मजकूर तंतोतंत सारखा असेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. ग्रब या बूटलोडरमधून बूट केल्यास तो कर्नलच्या फाइलचे नाव सांगणारा पॅरामीटर सुरुवातीला स्वतःहून जोडतो. क्यूईएमयूचा मायक्रोव्हीएम हा हलका प्रकार आणि फायरक्रॅकर हा तसाच दुसरा प्रोग्राम यांच्यात उपकरणे शोधण्याच्या पीसीआय व एसीपीआय या नेहमीच्या सोयी वापरात नसतील, तर प्रत्येक व्हर्टिओ (आभासी) उपकरणाचा पत्ता गेस्टला कमांडलाइनवरूनच कळवला जातो आणि दर उपकरणामागे सुमारे ३५ ते ४० बाइट खर्च होतात. ही भर शेवटी पडत असल्यामुळे तुमचा मजकूर मर्यादेच्या कडेला आलेला असेल तर कापली जाते ती डिस्क किंवा नेटवर्क कार्ड. म्हणून २०४७ पर्यंत भरत जाऊ नये. माझ्या स्क्रिप्टमध्ये १५०० बाइट ओलांडले की मशीन सुरूच न करण्याची तपासणी आहे, आणि ती सैल करावी असे मला अजून वाटलेले नाही.

कर्नल पॅनिकचे कारण वेगळे आहे. त्याचा लांबीशी संबंध नाही. कर्नलला जो पॅरामीटर ओळखू येत नाही तो पुढे इनिटला, म्हणजे कर्नल सर्वांत आधी सुरू करतो त्या प्रक्रियेला, दिला जातो: बरोबरचे (=) चिन्ह असेल तर एन्व्हायर्नमेंटमधील चल म्हणून, नसेल तर आर्ग्युमेंट म्हणून. या दोन्हींच्या जागा मोजक्या आहेत. कर्नलच्या नेहमीच्या संरचनेत प्रत्येकी ३२, आणि एन्व्हायर्नमेंटच्या ३२ पैकी दोन होम आणि टर्म यांनी आधीच घेतलेल्या असतात. नावात टिंब असलेला पॅरामीटर मात्र एखाद्या मॉड्यूलचा समजून कर्नल बाजूला ठेवतो आणि या मोजणीत धरत नाही. तुमच्या पहिल्या रचनेत ‘लॅब टिंब होस्ट’ असे नाव होते, म्हणून निभावले. दुसऱ्या रचनेत तुम्ही टिंब काढून प्रत्येक मशीनचे नाव, पत्ता आणि लेबल असे तीन सुटे पॅरामीटर केलेत. बारा त्रिक छत्तीस झाले आणि बूटच्या वेळचे चल फार झाल्याचे सांगून कर्नल थांबला. डेबियनचे प्रीसीड पॅरामीटर (इन्स्टॉलरला आधीच दिलेली उत्तरे) कमांडलाइनवर ओळीने लिहिणाऱ्यांनाही हाच अडथळा येतो आणि डेबियनच्या इन्स्टॉलर मार्गदर्शिकेत तशी सूचनाही आहे.

उपायाकडे येताना माझे मत आधीच सांगतो. रूट फाइलसिस्टिम (गेस्टच्या मुख्य फाइली) जोडली जाण्यापूर्वी कर्नलला किंवा इन्स्टॉलरला जे कळलेच पाहिजे तेवढेच कमांडलाइनवर असावे, आणि बाकीचे कुठे सापडेल एवढा पत्ता असावा. बारा मशीनची यादी या कसोटीला उतरत नाही. बफरचा आकार वाढवून कर्नल पुन्हा बांधणे शक्य आहे, पण एक्स८६ वर तो आकडा संरचनेच्या पर्यायांत नसून सोर्सच्या हेडर फाइलमध्ये आहे. म्हणजे वितरणाकडून येणारे प्रत्येक सुरक्षा अद्यतन तुम्हाला स्वतः बांधून द्यावे लागेल. प्रयोगशाळेसाठी हा व्याप कोणी करू नये.

तुमचा गेस्ट अ‍ॅनाकोंडा इन्स्टॉलरवर चालतो, तेव्हा सर्वांत सोपी वाट म्हणजे किकस्टार्ट फाइल इनिटआरडीतच घालणे. व्हर्च्युअल मशीन उभारणाऱ्या व्हर्ट-इन्स्टॉल या आज्ञेत इनिटआरडी-इंजेक्ट हा पर्याय त्यासाठीच आहे. मग कमांडलाइनवर केवळ स्थानिक फाइलचा छोटा मार्ग द्यावा लागतो. दुसरी वाट याहून नीटस आहे: ओईएमडीआरव्ही असे लेबल दिलेली छोटी डिस्क प्रतिमा गेस्टला जोडावी आणि तिच्यात केएस डॉट सीएफजी या नावाने फाइल ठेवावी, अ‍ॅनाकोंडा ती आपणहून उचलतो आणि कमांडलाइनवर काहीच लिहावे लागत नाही. बारा मशीनची यादी याच किकस्टार्टच्या शेवटच्या विभागातून होस्ट्स फाइलमध्ये लिहून टाकावी. पुढे तयार क्लाउड प्रतिमा वापरायला लागलात तर सीआयडेटा लेबलची डिस्क क्लाउड-इनिटसाठी (पहिल्या बूटला मशीनची मांडणी करणाऱ्या साधनासाठी) हेच काम करते.

येथे वेब सर्व्हरवरून फाइल आणण्याचा मोह अनेकांना होतो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते आणि परत आल्यावर होस्टवरील सगळी मशीन एकदम उठतात. ज्या गेस्टवर तो वेब सर्व्हर आहे तो मागाहून उठला तर बाकीचे ताटकळतात. होस्टच्याच डिस्कवरून दिलेली माहिती या भानगडीत पडत नाही.

इन्स्टॉलेशननंतर दर बूटला बदलणारी माहिती द्यायची असेल तर एफडब्ल्यू-सीएफजीतून सरळ फाइल द्यावी. नावाची सुरुवात ऑप्ट या उपसर्गाने करावी, आणि गेस्टमध्ये क्यूईएमयूचे संबंधित मॉड्यूल असल्यास ती सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागी) वाचता येते. सिस्टिमडी या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामचे क्रेडेन्शियलसुद्धा (सेवांना द्यायची गुप्त माहिती) याच मार्गाने किंवा एसएमबायोस या मशीनची माहिती देणाऱ्या कोष्टकाच्या ११ व्या प्रकारच्या नोंदींतून पोचवता येतात. मजकूर थेट आज्ञेत लिहिलात तर त्यातील प्रत्येक स्वल्पविराम दोनदा लिहावा लागतो, म्हणून फाइलच बरी.

जे खरोखर कर्नलचेच पॅरामीटर आहेत आणि तरीही मावत नाहीत, त्यांच्यासाठी कर्नल ५.६ पासून बूटकॉन्फिग आहे. इनिटआरडीच्या शेपटीला जोडलेल्या या फाइलला ३२ केबीपर्यंत जागा मिळते. कमांडलाइनवर बूटकॉन्फिग हा एक शब्द असावा लागतो आणि कर्नलच्या संरचनेत ही सोय चालू असावी लागते. मात्र ती बूटच्या क्रमात थोडी उशिरा वाचली जाते, त्यामुळे स्मृतीची मर्यादा किंवा अर्ली कन्सोल यांसारखे अगदी सुरुवातीला लागणारे पॅरामीटर कमांडलाइनवरच ठेवावेत.

आणखी एक, न विचारलेले. तुम्ही दिलेल्या मजकुरात किकस्टार्टच्या पत्त्यात वापरकर्ता आणि पासवर्ड दिसतो. गेस्टमधील सीएमडीलाइन फाइल कोणताही वापरकर्ता वाचू शकतो आणि होस्टवर पीएस या आज्ञेने दिसणाऱ्या प्रक्रियांच्या यादीत पूर्ण अपेंड दिसतो. विद्यार्थ्यांना त्या मशीनवर लॉगिन असेल तर तो पासवर्ड आजच बदला.

तूर्त यादी बाहेर काढेपर्यंत कन्सोल आणि किकस्टार्ट हे दोन पॅरामीटर मजकुराच्या अगदी आरंभी आणा. एकाहून अधिक कन्सोल देत असाल तर त्यांचा आपसातील क्रम मात्र बदलू नका, कारण शेवटचा दिलेला कन्सोल हाच मुख्य धरला जातो. मशीन उठल्यावर गेस्टमधील सीएमडीलाइन फाइलची बाइटसंख्या आणि होस्टवरील अपेंडची बाइटसंख्या येथे लिहा, बरोबर गेस्टची कर्नल आवृत्तीही. पहिली संख्या २०४८ च्या आसपास आणि दुसरी तिच्याहून मोठी असेल तर वरचे निदान पक्के. दोन्ही सारख्या निघाल्या तर पुढचा शोध इनिटआरडीपासून सुरू करावा लागेल आणि त्यासाठी तुमची पूर्ण स्क्रिप्ट पाहावी लागेल.