कागद काकांकडे का?

पत्र : ताई, मी 27 वर्षांची, एमबीबीएस. मिरजेत एका खासगी दवाखान्यात आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर आहे. शिक्षणाचं कर्ज 40 लाखांच्या आसपास असेल. कागद काकांकडे असतात, द्राक्षांचे पैसे आले की तेच भरतात. पाच वर्षं सैन्यात गेलीस तर सगळं फिटेल, असं मैत्रीण म्हणते. आई घाबरते आहे. जाऊ का?
— एक डॉक्टर, तासगाव

आईचं नंतर बघू. आधी काकांचं.

आपल्या डोक्यावर किती कर्ज आहे हे तुला ठाऊक नाही, आणि ते फेडायला पाच वर्षं लिहून द्यायला निघालीस! लहान मुलाचं वजन न करता डोस लिहितेस का तू?

काका मनाने चांगलेच असतील. पण द्राक्षांचे पैसे येतात हंगामात आणि हप्ता पडतो दर महिन्याला. 90 दिवस थकला की बँक खातं एनपीएत, म्हणजे बुडीत चाललेल्या कर्जांत टाकते, आणि कर्जदार म्हणून नाव तुझं असेल तर कर्जफेडीची पत दाखवणारं सिबिल तुझं बिघडतं. शिवाय शिकत असतानाचं व्याज मुदलात चढलेलं असणार. पहिल्या वर्षी 7 लाख उचलले असतील, तर साडेदहा टक्क्यांनी साडेसहा वर्षांत त्यावर साधं व्याजच पावणेपाच लाखांच्या वर जातं. आणि कर्ज काकांच्याच नावावर, बाग तारण ठेवून काढलं असेल, तर शिक्षणकर्जाच्या व्याजावरची करसवलत तुला मिळणार नाही आणि पुतणीसाठी म्हणून काकांनाही नाही.

आता सैन्य. आपल्याकडे सैन्य कर्ज फेडत नाही, पगार देतं. शॉर्ट सर्व्हिसमध्ये, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीत, आर्मी मेडिकल कोअरला, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय शाखेत, कॅप्टन म्हणून घेतात : मूळ पगार 61,300, सैनिकी सेवावेतन 15,500, खासगी प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता मूळच्या 20 टक्के, वर महागाई भत्ता. पगार चांगला आहे. पण 40 लाख साडेदहा टक्क्यांनी 15 वर्षांवर असतील तर हप्ता 44 हजारांचा. पाच वर्षं इमानेइतबारे भरलास तरी बाहेर पडताना पावणेतेहेतीस लाख शिल्लक, आणि पेन्शन नाही. पाच वर्षांत खरंच संपवायचं तर महिना 86 हजार भरावे लागतील. मेसमध्ये राहून, घरी पैसे न पाठवता ते जमेल. घरी पाठवायचे असतील तर नाही जमणार. मैत्रिणीने हे गणित केलेलं नाही.

म्हणून सोमवारी रजा टाक. आधार, पॅन घेऊन स्वतः शाखेत जा आणि मंजुरीपत्र, खात्याचा पूर्ण उतारा माग. कर्जदार कोण, दर किती, बाकी किती, किती हप्ते उशिरा गेले, एवढं बघ. त्याच दिवशी 15 रुपये भरून डिजिटल सातबारा काढ. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा दिसला तर बाग अडकली आहे. काका रागावतील. रागावू देत, पण आता हप्ता तुझ्याच पगारातून जायला हवा.

घाई नाही. एमबीबीएसवाल्यांना त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला 30 पूर्ण झालेली नसली की वयाची अडचण येत नाही. पण संधी अशी अंदाजावर घालवू नकोस.

आईला काय सांगायचं ते उतारा हातात आल्यावर विचार. आकडे घालून लिही.