कार्टिंगच्या सीझनअखेरच्या बक्षीस समारंभात धाकट्या मुलांवर अन्याय होऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बडोद्यात तुमच्याकडे ८ ते १५ वयाची बावीस मुलं तीन गटांत कार्ट, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्या, घेऊन पळतात. मागच्या वर्षी धाकट्यांची बक्षिसं रात्री उशिरा घाईघाईत उरकली. एक मुलगी गटात तिसरी होती, तरी तिला फक्त 'सर्वोत्कृष्ट मुलगी' एवढंच मिळालं.

मुलीचं आधी सांगतो. कार्टिंगमध्ये मुलं-मुली एकाच गटात पळतात, त्यामुळे तिसरी आली तर तिसऱ्या क्रमांकाची ट्रॉफी तिचीच. वेगळं बक्षीस द्यायचं तर ट्रॉफीशिवाय आणखी द्या, ट्रॉफीच्या बदल्यात नाही.

बाकीची बहुतेक भांडणं स्टेजवर होतात, पण सुरू होतात गुणतक्त्यात. समारंभाच्या दहा दिवस आधी कच्चा तक्ता सगळ्या पालकांना पाठवा, हरकतीला तीन दिवस ठेवा आणि मगच नावं कोरायला टाका. सीझनच्या सहा फेऱ्यांपैकी (म्हणजे शर्यतींपैकी) चांगल्या पाच धरत असाल, तर अपात्र ठरलेली फेरी वगळता येते की नाही हे सीझन सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवलेलं हवं. माझ्या मते वगळू देऊ नये. पण तक्त्यात नुसता शून्य लिहू नका, शेजारी कारण लिहा. हलक्या मुलाचं किमान वजन भरायला सीटला शिशाच्या वड्या बोल्टने लावतात. नट ढिला होऊन एक वडी ट्रॅकवर पडली की शर्यतीनंतर कार्ट आणि चालक मिळून वजन कमी भरतं आणि पोरगं बाद होतं. हे कळलं नाही तर बाकीचे पालक 'चोरी केली' एवढंच धरून बसतात.

बरोबरी कशी सोडवायची तेही छापा. समजा गुण २५, १८, १५, १२, १० असे आहेत. एकाचे २५, २५, १५, १०, १० आणि दुसऱ्याचे २५, १८, १८, १२, १२. दोघांचेही ८५. इथे आधी पहिले क्रमांक मोजायचे: पहिल्याचे दोन, दुसऱ्याचा एक. पहिला पुढे. तेही सारखे निघाले तर दुसरे क्रमांक मोजा. चिठ्ठी टाकू नका, आणि 'लहान आहे, त्याला देऊन टाकू' हे तर अजिबात नको.

'सीझनमधला सर्वात वेगवान लॅप' सगळ्या गटांना मिळून ठेवू नका. इंजिन वेगळं, किमान वजन वेगळं, तर ते बक्षीस दरवेळी मोठ्या गटालाच जाणार. खिलाडूवृत्तीचं बक्षीस मार्शलांनी, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणाऱ्यांनी, गुप्त मतदानाने ठरवावं. पुढे धोका असल्याचा पिवळा झेंडा दिसल्यावर कोण खरंच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढतं, हे त्यांनीच जवळून पाहिलेलं असतं. समितीतल्या कुणाचं मूल ज्या गटात आहे, त्या गटाच्या निर्णयातून त्या व्यक्तीने बाहेर राहावं.

संध्याकाळी साडेसहाला सर्वात धाकट्या गटापासूनच सुरुवात करा. तिन्ही गटांच्या ट्रॉफ्या एकाच उंचीच्या ठेवा. काचेच्या घेऊ नका, आठ वर्षांच्या हातातून त्या निसटतात. निवेदक गुजराती असेल तर आडनावं आधी मुलांच्याच तोंडून ऐकून घ्यायला सांगा. 'चाफेकर'मधला च आणि 'जाधव'मधला ज हमखास चुकतात, आणि वर्षभर पळून स्टेजवर आपलंच नाव चुकीचं ऐकलं की पोराचा चेहरा पडतो. गुजरातेत दारूबंदी आहे, आणि ही तर मुलं. मोठ्या शर्यतींत शॅम्पेन फवारतात तसं काही फवारायचंच असेल तर साधा सोडा घ्या, तोही बाहेर अंगणात, कारण गुळगुळीत स्टेजवर पाय घसरतो. फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या.

निम्म्या फेऱ्या पळलेल्या प्रत्येकाला पदक द्या, पण 'बाकीचे सगळे वर या' असं म्हणून नाही. एकेकाचं नाव पुकारा. बावीस नावांना दहा मिनिटंही लागत नाहीत. परीक्षेमुळे कुणी आलं नसेल तर त्याचंही नाव त्याच्या क्रमानेच घ्या, ट्रॉफी आई किंवा वडील वर येऊन घेतील.