डंकर्कच्या चौकात १९४० चे स्मारक का नाही?

प्रश्न : डंकर्क म्हटले की १९४० मध्ये समुद्रमार्गे झालेली ब्रिटिश सैन्याची सुटका आठवते. असे असताना या फ्रेंच शहराच्या मुख्य चौकात सतराव्या शतकातल्या एका दर्यावर्दीचा पुतळा का आहे? दुसऱ्या महायुद्धाच्या खुणा तेथे कोठे दिसतात?

उत्तर : हा पुतळा ज्याँ बार (१६५०–१७०२) यांचा असून चौकालाही त्यांचेच नाव आहे. डंकर्कमध्येच जन्मलेले बार हे राजाच्या परवान्याने शत्रूची जहाजे पकडत असत. फ्रान्समध्ये दुष्काळ असताना, डचांनी ताब्यात घेतलेला धान्याच्या जहाजांचा तांडा त्यांनी १६९४ मध्ये टेक्सेलजवळच्या लढाईत परत मिळवला. उगारलेल्या तलवारीचा हा पुतळा दाविद दांझे यांनी घडवला आणि तो १८४५ मध्ये उभारला गेला. म्हणजे चौक १९४० साली मोकळा नव्हताच. पण खरे कारण एवढेच नाही.

आपल्यापर्यंत हा प्रसंग मुख्यतः इंग्रजी लेखनातून पोहोचल्यामुळे तो सुटकेचा प्रसंग म्हणून आपल्या मनात ठसला आहे. २६ मे ते ४ जून १९४० या काळात ३,३८,२२६ सैनिक इंग्लंडला पोहोचले, आणि त्यांतले बहुसंख्य सैनिक, छायाचित्रांवरून वाटते तसे वाळूवरून नव्हे, तर बंदर आणि त्याच्या लांबलचक धक्क्यावरून जहाजांत चढले. गावकऱ्यांच्या वाट्याला मात्र त्याच दिवसांत बॉम्बहल्ले आले, पिछाडी सांभाळणारे हजारो फ्रेंच सैनिक कैद झाले आणि शहरावर जर्मनांचा अंमल बसला. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्तांनी शहराला वेढा घातला, तरी अॅडमिरल फ्रिझियस यांच्या हाताखालील शिबंदी हटली नाही. अखेर जर्मनीच्या शरणागतीनंतर, ९ मे १९४५ रोजी, तिने वेढा देणाऱ्या चेकोस्लोव्हाक ब्रिगेडचे सेनापती अलोइस लिश्का यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. पॅरिस मुक्त होऊन तेव्हा आठ महिने उलटून गेले होते. अशा गावाने मे १९४० हा गौरवाचा क्षण म्हणून भर चौकात का मांडावा?

भोवतालच्या इमारती ढासळल्या तरी पुतळा मात्र टिकला, आणि युद्धानंतर शहर पुन्हा उभे राहिले ते त्याच्याच भोवती. चौकापासून काही पावलांवर सेंट एलुआ चर्च आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर गोळ्यांचे आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांचे व्रण आजही दिसतात. समोरचा घंटामनोरा मुळात याच चर्चचा. मधून रस्ता गेल्यामुळे तो वेगळा पडला. त्याच्या पायथ्याच्या कमानीत शहराचे युद्धस्मारक आहे. पहिल्या महायुद्धातही डंकर्कने बरेच सोसले होते : बेल्जियममधील कूकलारेहून, ४० किलोमीटरहून अधिक अंतरावरून, जर्मनांची अजस्र तोफ त्यावर मारा करीत असे.

१९४० ची स्मारके आहेत, पण ती चौकाबाहेर. ब्रिटिशांचे स्मारक शहराच्या स्मशानभूमीला लागून असून, ज्यांची थडगी ज्ञात नाहीत अशा साडेचार हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्याचे उद्घाटन १९५७ मध्ये झाले. सुटकेवरचे संग्रहालय ‘बुरूज ३२’ या जुन्या तटबंदीच्या भागात आहे, जेथून फ्रेंच सेनाधिकाऱ्यांनी बचावाची सूत्रे हलवली होती. जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण तिचा उल्लेख फारसा होत नाही : ब्रिटिश फौजेबरोबर भारतीय सैन्याच्या खेचरवाहतुकीच्या तुकड्याही फ्रान्समध्ये होत्या आणि त्यांतील काही याच किनाऱ्यावरून निघाल्या. जहाजांत माणसांपुरतीच जागा होती; खेचरे त्यांना मागे सोडावी लागली.