पहिल्या वर्षाला आलेल्या धाकटीला

अगं, वर्गात इंग्रजीत ‘येस सर’च्या पुढे तोंड उघडत नाही म्हणून रडतेस काय! मराठी शाळांत २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आलं खरं, पण आपल्याला बोलायला लावलं कुणी? आधी आपल्या खोडी ओळख. मराठीत इंग्रजीतल्या ‘अ’ (a), ‘द’ (the) यांसारखी नामाआधी येणारी उपपदं नाहीत, म्हणून ती आपण सर्रास गाळतो. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींचा आपण ‘व’च करतो, ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकव, ‘डब्ल्यू’ला ओठ गोल कर. आरशासमोर, लाज न बाळगता. रोज खोलीवर एक इंग्रजी अग्रलेख मोठ्यानं वाच. माझी रूममेट आधी फिदीफिदी हसायची, मग तीच चुका काढू लागली. मेसच्या काकूंशी मात्र मराठीतच बोल, भाजी जास्त मिळते.